आहार-सल्ला : भाजलेले चिकन, फळांचा साल्सा आणि जेवणानंतरची साखर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच बेताविषयी आहेत: तव्यावर किंवा जाळीवर भाजलेले चिकन आणि त्याच्या जोडीला ताज्या फळांचा साल्सा, म्हणजे बारीक चिरलेल्या फळांची कोशिंबिरीसारखी चटकदार जोड. मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या रात्रीच्या जेवणासाठी हा बेत चांगला आहे. मात्र तो ताटात कसा मांडला जातो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. म्हणून निवडक पत्रांना येथे एकत्रच उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे यजमान ५४ वर्षांचे असून काही वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेतात. रात्री तेलकट रस्सा नको म्हणून मी चिकन ग्रिल केले आणि सोबत चौघांसाठी साल्सा केला. त्यात दोन हापूस आंबे, वाटीभर अननस, वाटीभर डाळिंबाचे दाणे आणि दोन पोह्याचे चमचे मध होता. भात नेहमीइतकाच होता. एरवी रस्सा-भाताच्या जेवणानंतर दोन तासांनी त्यांची साखर १८० च्या आसपास येते, ती त्या दिवशी २२८ आली. चिकन भाजून खाल्ल्याने साखर वाढते काय? आणि आंब्याचा हंगाम संपल्यावर साल्सात काय घालावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. कोंबडीच्या मांसात कर्बोदके जवळजवळ नसतातच. कातडी काढलेल्या १०० ग्रॅम कच्च्या छातीच्या मांसात सुमारे २२ ते २३ ग्रॅम प्रथिने आणि थोडी चरबी असते. त्यातून दोन तासांत साखर एवढी चढणार नाही. आपण तेल वाचवलेत हे योग्यच झाले, पण त्याच ताटात साखर दुसऱ्या दाराने आत आली. तिचा हिशोब करून पाहू.

दोन मध्यम हापूसांचा गर साधारण ३०० ग्रॅम भरतो आणि त्यात ४५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. वाटीभर अननसातून २० ग्रॅम, वाटीभर डाळिंबातून २८ ग्रॅम आणि दोन चमचे मधातून ३३ ग्रॅम येतात. ही बेरीज १२५ ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे चौघांत वाटल्यास प्रत्येकाच्या वाट्याला ३१ ग्रॅम. एक वाटी शिजवलेल्या भातात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात हे लक्षात घेतल्यास, आपल्या यजमानांनी नेहमीच्या भाताबरोबर आणखी पाऊण वाटी भात खाल्ला असे म्हणता येईल. शिवाय रश्श्याच्या जेवणात हा भाग नव्हताच. यजमानांनी साल्सा दुसऱ्यांदा वाढून घेतला असल्यास (आणि आंब्याच्या दिवसांत कोण घेत नाही?) आकडा आणखी वर जातो. चिकनला बाटलीतला बार्बेक्यू सॉस लावला होता का, हे आपण लिहिलेले नाही. लावला असल्यास तोही मोजावा, कारण अशा बहुतेक सॉसच्या दोन चमच्यांत १० ग्रॅमहून अधिक साखर असते.

साल्सात मध घालण्याची पद्धत मला मुळातच पटत नाही. पिकलेल्या फळाला वरून गोडी कशाला हवी? मध नैसर्गिक असला तरी रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने तो साखरेपेक्षा फारसा वेगळा नाही, आणि गुळाचेही तेच आहे.

साल्साला आपल्या ताटातली कोशिंबिरीची जागा द्यावी. ताटाच्या डाव्या बाजूला जे वाढले जाते ते चवीपुरते असते आणि त्यावर कोणी पोट भरत नाही, हा आपल्याकडचा जुना संकेत येथे फार उपयोगी पडतो. चौघांसाठी एकच हापूस घ्यावा, तोही जरा घट्टसर. त्याच्या बारीक फोडी कराव्यात. त्यात एक काकडी, बिया काढलेले दोन टोमॅटो, एक लहान कांदा, एक हिरवी मिरची आणि मूठभर कोथिंबीर हे सारे बारीक चिरून घालावे, आणि वरून एका लिंबाचा रस व चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. मीठ मात्र ताटे वाढताना घालावे, कारण आधी घातल्यास काकडी आणि टोमॅटो पाणी सोडतात, साल्सा पातळ होतो आणि मग तो वाटीने प्यावासा वाटतो. या प्रमाणात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ९ ग्रॅम कर्बोदके येतात. आंब्याची चव मिळते, आणि कैरी मिळत असेल तर तिच्या चार फोडी टाकल्याने गोड-आंबट जुळून तो एक आंबा पुरेसा वाटतो. मिक्सरमधून मात्र हे काही काढू नये. फळ चावून खाणे आणि त्याचा रस पिणे यांत साखर चढण्याच्या वेगाचा फरक पडतो.

आंब्याचा हंगाम संपल्यावर काय, असेही आपण विचारले आहे. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्यावी. १०० ग्रॅममध्ये ८ ग्रॅमच्या आत कर्बोदके, म्हणजे या कामासाठी तिच्याइतके सोयीचे फळ नाही. अर्धकच्चा पेरू बियांचा गाभा काढून घेतल्यास उत्तम, कारण त्यात १०० ग्रॅमला १४ ग्रॅम कर्बोदके असली तरी ५ ग्रॅम चोथा असतो. घट्ट पपई वर्षभर मिळते आणि ११ ग्रॅमवर थांबते. डाळिंब १९ ग्रॅमचे असल्याने ते दाणे मोजून, रंगापुरते घालावे. केळे, चिकू आणि सीताफळ यांचा साल्सा करू नये. ती फळे वाईट नाहीत, पण ती एकेकटी आणि थोडी खायची आहेत.

भाताविषयीही लिहितो. भात बंद करण्याची गरज नाही. अर्धी वाटी भात किंवा ज्वारीची एक लहान भाकरी ठेवावी आणि ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी भरावा: भाजलेली ढोबळी मिरची, फरसबी, कोबी, जे घरात असेल ते. एरवीची १८० ही पातळीही सीमेवरच आहे, कारण जेवण सुरू केल्यापासून एक ते दोन तासांनी साखर १८० मिलिग्रॅमच्या आत असावी हे अनेक मधुमेहींसाठी सर्वसाधारण उद्दिष्ट मानले जाते. खाण्याचा क्रमही बदलून पाहावा. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मेटफॉर्मिन घेणाऱ्या ११ मधुमेही व्यक्तींना तेच जेवण दोन क्रमांनी दिले होते, आणि योगायोगाने त्या जेवणात भाजलेले चिकनच होते. एकदा पाव व संत्र्याचा रस आधी आणि चिकन-भाज्या नंतर. दुसऱ्या वेळी चिकन-भाज्या आधी आणि पाव-रस १५ मिनिटांनी. चिकन-भाज्या आधी खाल्ल्यावर तासाभराने मोजलेली साखर ३५ टक्क्यांहून अधिक कमी होती. अभ्यास लहान आहे हे खरे, पण प्रयोग बिनखर्चाचा आहे. यजमानांनी आधी भाज्या व चिकन खावे, भात व साल्सा शेवटी घ्यावा, आणि जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी साखर तपासावी. एकाच बेताचे दोन-तीन वेळचे आकडे वहीत लिहून ठेवल्यास त्यांना कोणते फळ किती मानवते हे कोणत्याही तक्त्यापेक्षा नेमके कळेल.

प्रश्न : आमच्याकडे ग्रिल नाही. बिडाच्या तव्यावर ब्रेस्ट पीस भाजला तर बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. पूर्ण शिजवावा तर चोथट होतो. मधुमेहामुळे लोणी-तेल लावायचे नाही, मग तो मऊ कसा राहावा? चिकन धुवावे की धुऊ नये, यावरूनही घरात वाद आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बिडाचा तवा असताना ग्रिलची खंत करू नये. अडचण तव्यात नसून तुकड्याच्या जाडीत आहे. दुकानातून येणारा छातीचा तुकडा एका बाजूला तीन सेंटिमीटर जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असतो, त्यामुळे जाड भाग शिजेपर्यंत पातळ भाग कोरडा पडतो. तुकडा तळहाताखाली दाबून धरून सुरीने आडवा चिरावा, म्हणजे दोन पातळ पाकळ्या होतील. मग त्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून लाटण्याने हलकेच ठोकाव्यात, जेणेकरून सर्वत्र साधारण दीड सेंटिमीटर जाडी येईल. एवढे केले की निम्मे काम झाले.

मऊपणासाठी लोण्याची गरज नाही, दही पुरेसे आहे. अर्धा किलो चिकनला (हे चौघांना पुरते) १०० ग्रॅम घट्ट दही, एक पोह्याचा चमचा आले-लसूण वाटण, अर्धा चहाचा चमचा हळद, एक चमचा लाल तिखट, एक चमचा धने-जिरे पूड, अर्धा चमचा मीठ आणि दोन चहाचे चमचे तेल लावून दोन ते चार तास फ्रिजमध्ये ठेवावे. दह्यातले आम्ल मांस हळूहळू मऊ करते. तेल अजिबात वगळू नये. चौघांत वाटले गेल्यावर ते अर्धाच चमचा उरते, आणि त्याच्याशिवाय मसाला तव्याला चिकटून तुकड्यावरून सोलला जातो. कच्ची पपई लावण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. मटणाला ती ठीक आहे, पण कोंबडीच्या पातळ तुकड्याला थोडा वेळ जास्त राहिली तरी वरचा थर पिठूळ होतो. आणि गावठी कोंबडी या कामाला घेऊ नये, तिला रस्साच शोभतो.

भाजण्याआधी वीस मिनिटे चिकन बाहेर काढून ठेवावे आणि जादा दही बोटाने निपटून टाकावे, कारण करपते ते दही. तवा मध्यम आचेवर नीट तापू द्यावा. तुकडा ठेवल्यावर चार-पाच मिनिटे त्याला हात लावू नये. तो शिजत आला की स्वतःच तवा सोडतो. मग उलटून पुन्हा तेवढाच वेळ भाजावे. उलथन्याने दाबण्याचा मोह टाळावा, कारण तेव्हा होणारा चर्र आवाज कानाला गोड लागला तरी तो आतला रस बाहेर पडल्याचा असतो. अन्नाचे तापमान मोजण्याचा थर्मामीटर असल्यास सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सियस झाले की थांबावे. नसल्यास एक तुकडा कापून गुलाबी रंग गेला आहे आणि रस स्वच्छ येतो आहे हे पाहावे. उतरवल्यावर पाच मिनिटे झाकून ठेवून मगच कापावे.

धुण्याच्या वादात धुऊ नये म्हणणाऱ्यांची बाजू योग्य आहे. नळाखाली धुताना उडणारे थेंब कच्च्या मांसावरचे जंतू ओट्यावर, भांड्यांवर आणि बाजूला चिरून ठेवलेल्या फळांवर नेतात, आणि नीट शिजवल्यावर ते जंतू मरतातच. रक्त असल्यास कागदी रुमालाने टिपून घ्यावे. साल्सा कच्चाच खायचा असल्याने तो आधी चिरून झाकून ठेवावा, मग त्याच पाटाला मांस लागले तरी भीती नाही. मुरवणातून उरलेले दही शिजलेल्या तुकड्यांवर वरून लावू नये.

प्रश्न : दह्यात मुरवलेल्या चिकनबरोबर फळे म्हणजे विरुद्धाहार, आणि रात्री फळ खाऊच नये, असे माझ्या सासूबाई म्हणतात. त्यांना काय सांगू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सासूबाईंशी वाद घालण्याचे कारण नाही. आयुर्वेदातला विरुद्धाहाराचा विचार स्वतंत्र आहे आणि त्यांना तो पाळायचा असल्यास त्यांच्या ताटात काकडी-टोमॅटोची कोशिंबीर वाढावी. मधुमेहाच्या दृष्टीने मात्र फळ कोणत्या वेळी खाल्ले यापेक्षा किती आणि कशाबरोबर खाल्ले हे महत्त्वाचे असते. प्रथिने आणि भाज्यांबरोबर खाल्लेले थोडे फळ रिकाम्या पोटी खाल्लेल्या वाटीभर फळापेक्षा साखर हळू चढवते.

प्रश्न : मला ग्लिमेपिराइड आणि रात्रीचे इन्सुलिन आहे. वजन कमी करण्यासाठी भात-पाव पूर्ण सोडून रात्री फक्त ग्रिल्ड चिकन आणि थोडा पपईचा साल्सा खातो. गेल्या आठवड्यात मध्यरात्री घाम येऊन हात थरथरू लागले. चिकनचा तुकडा खाल्ला, पण बरे वाटेना. शनिवारी जेवणाआधी थोडे मद्य घेतो, हेही लिहितो.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : या अंकातले सर्वांत तातडीचे पत्र आपले आहे, म्हणून आधी स्पष्ट सांगतो: पुढचे जेवण बदलण्याआधी डॉक्टरांना भेटावे. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन ही दोन्ही औषधे, आपण भात खाल्ला की नाही हे न पाहता, साखर खाली आणतात. डोस भात-पावाच्या जेवणावर ठरलेला असताना कर्बोदके अचानक काढून टाकल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मद्याने त्यात भर पडते, कारण यकृत मद्य पचवण्यात गुंतले की रक्तात साखर सोडण्याचे त्याचे काम मंदावते, आणि हा परिणाम काही तासांनी, झोपेतही, होऊ शकतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना असा प्रसंग क्वचितच येतो, त्यामुळे शेजाऱ्याचा आहार पाहून आपला ठरवू नये.

थरथर, घाम, धडधड जाणवल्यास ताबडतोब साखर तपासावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा तपासण्याची सोय नसेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि अजून खाली असल्यास तेवढेच पुन्हा घ्यावे. साखर वर आल्यावर बिस्किटे किंवा पोळीसारखे काहीतरी खावे. अशा वेळी चिकनचा उपयोग नाही, कारण त्यात चटकन रक्तात जाणारी साखर नसते; लाडू आणि चॉकलेटमधले तूप-चरबीही साखर पोचायला उशीर लावते. उशाशी ग्लुकोजची पुडीच ठेवावी, साखरेचा डबा नव्हे, याला एक कारण आहे: आपल्या औषधांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर पचायला वेळ लागतो, ग्लुकोजला मात्र अडथळा येत नाही. बेशुद्ध होणाऱ्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालयात न्यावे, हे घरच्यांना सांगून ठेवावे.

वजन कमी करण्याचा आपला हेतू चुकीचा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, २६.४ टक्के, आढळले होते, त्यामुळे तेथे असे प्रयत्न व्हायलाच हवेत. पण आधी डोस, मग ताट, असा क्रम ठेवावा, आणि तोपर्यंत रात्री अर्धी वाटी उकड्या तांदळाचा भात किंवा एक पोळी पुन्हा सुरू करावी.

प्रश्न : आई-बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे येत आहेत. अंगणातल्या गॅस ग्रिलवर बाबांसाठी चिकन आणि ग्रेपफ्रूट-आंब्याचा साल्सा करण्याचा विचार आहे. त्यांना मधुमेह आहे, कोलेस्टेरॉलची गोळी आहे आणि या वर्षी क्रिएटिनिनही वाढले आहे.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ग्रेपफ्रूट आणू नये. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचे रक्तातले प्रमाण त्या फळामुळे वाढते आणि स्नायूंना इजा होण्याची शक्यता निर्माण होते. त्याच कुळातल्या पपनसाबाबतही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. तिकडच्या दुकानांत मिळणारे पाच कडांचे स्टारफ्रूट, आपल्याकडचे कमरख, साल्सात दिसायला सुरेख असते, पण मूत्रपिंड कमजोर असलेल्यांसाठी ते विषारी ठरू शकते, आणि वाढलेले क्रिएटिनिन हे बहुधा मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे लक्षण असते. ते घरातच नको.

चिकनचे प्रमाणही त्यांच्यासाठी वेगळे धरावे. मूत्रपिंडाचा विकार असून डायलिसिस नसलेल्या व्यक्तीला सर्वसाधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. बाबांचे वजन ६० किलो असेल तर दिवसभराचे ४८ ग्रॅम झाले, आणि १२५ ग्रॅम कच्च्या चिकनमध्येच त्यातले २८ ग्रॅम संपतात. डाळ, दूध, दही हेही दिवसभरात होतच असते, म्हणून त्यांना निम्मा तुकडा वाढावा आणि ताट भाज्यांनी भरावे. त्यांच्या रक्तातले पोटॅशियम वाढलेले असल्यास पेरू आणि टोमॅटोऐवजी अननस, सफरचंद आणि काकडी घ्यावी. १०० ग्रॅम पेरूत ४०० मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते, तर अननसात आणि सफरचंदात सुमारे ११०. पोटॅशियम ठीक असल्यास ही काटछाट उगाच करू नये. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ मात्र त्यांच्या जेवणात घालू नये, कारण त्यात बहुधा सोडियमच्या जागी पोटॅशियमच असते. मिठाऐवजी लिंबू, मिरपूड आणि लसूण यांवर चव पेलावी.

गॅस ग्रिलवर ज्वाला थेट तुकड्याला लागू देऊ नये. मांस करपते तेव्हा तयार होणारी काही संयुगे आरोग्याला चांगली नाहीत. मुरवण लावल्याने आणि तुकडा वारंवार उलटल्याने त्यांचे प्रमाण घटते, आणि काळा झालेला भाग कापून टाकलेला बरा. उन्हाळ्यात अंगणात जेवण लांबते, तेव्हा शिजलेले चिकन दोन तासांत, आणि हवा ३२ अंशांवर गेली असेल तर तासाभरात, फ्रिजमध्ये जायला हवे. तेथे ते तीन-चार दिवस टिकते. साल्सा मात्र त्याच दिवशी संपवावा.